सोमवारी चाळीस सुऱ्या येतात, दिवस पुरत नाही. आणखी एक मशिन घेऊ का?

लक्ष्मीपुरीचा धारवाला
मंडळी, धार लावायचा छोटा गाळा आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे वार, म्हणून दुकानदार सगळं सोमवारी आणून टाकतात आणि मंगळवारी परत मागतात. माझ्याकडं आठ इंची बेंच ग्राइंडर (२८०० आरपीएम) आणि एक बेल्टचं मशिन. एक सुरी घेतो, १२० चा जाड दाण्याचा बेल्ट, मग २४०, मग ४०० चा बारीक; ती झाली की पुढची. रात्रीचे दहा वाजतात. त्यात गेल्या आठवड्यात एका हॉटेलच्या सुरीचं टोक ग्राइंडरवर निळं पडलं, नवी घेऊन द्यावी लागली.

उद्यमनगरचा जुना टर्नर
मशिन राहू दे, आधी हिशेब कर. चाळीस सुऱ्या, तीन बेल्ट, म्हणजे १२० वेळा चढव-उतर. एका वेळेला मिनिट धरलं तरी दोन तास त्यातच गेले की रं. सगळ्या सुऱ्या १२० वर काढ, मगच बेल्ट बदल. आणि ज्यांचे दात पडलेत त्याच १२० वर घे. बाकीच्या थेट २४० वर.

टोकाचं म्हणशील तर, ते चाक कडेला सेकंदाला २९ मीटरच्या आसपास पळतं. टोक पातळ, उष्णता जाणार कुठं? निळं पडलं म्हणजे ३०० अंशांच्या घरात गेलं, पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. ग्राइंडरचा दगड काढून तिथं बफ (पॉलिशचं कापडी चाक) लाव, शेवटची बर, म्हणजे धारेवर राहिलेली धातूची बारीक कड, काढायला. फक्त धार चाकाच्या समोर धरू नकोस, चाक धारेकडून बाहेर पळालं पाहिजे. उलटं झालं तर बफ सुरी हिसकावून अंगावर फेकतो. हातमोजेही नकोत, मशिन ओढून घेतं. आमच्या शॉपमधल्या एकाचं बोट असंच गेलं.

मटणवाल्याचा पोरगा
सत्तूर वेगळे ठेवा राव. आमचा एकानं सुरीसारखा पातळ करून दिला, पहिल्याच नळीवर चकती उडाली. त्याला एका बाजूनं २५ अंश तरी पाहिजेत. मांस सोडवायच्या सुरीला १५ ते २० चालतात.

लक्ष्मीपुरीचा धारवाला
काल करून बघितलं. दुधाचे दोन क्रेट आणले, एकात सत्तूर, एकात सुऱ्या. कुणाची कुठली ते कळायला मुठीला रंगीत टेप. ४१ नगांपैकी १२० वर फक्त ११ न्यावे लागले! साडेपाचला शटर ओढलं. बर मात्र अजून राहते. बोटाला लागत नाही, पण पेपर कापताना मध्येच अडकते.

उद्यमनगरचा जुना टर्नर
शेवटचे दोन हात अगदी हलके दे, बाजू आलटून-पालटून. दाबलंस की बर तुटत नाही, नुसती पलीकडं वळते.

लक्ष्मीपुरीचा धारवाला
बघतो. ४०० चे बेल्ट शिरोलीत कुठं सुटे मिळतात का? इथला दुकानदार दहाच्या खाली देत नाही.