पंधरा वर्षांचा करार आणि सव्वीस जागांचा संघ

अनाहाइमकर (धागालेखक)

डिसेंबर २०२४ मध्ये बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क मेट्स संघाने हुआन सोटो या फलंदाजाशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. तेव्हा सोटो २६ वर्षांचा होता आणि करारातल्या शेवटच्या, म्हणजे २०३९ च्या हंगामात तो चाळीस वर्षांचा असेल. रकमेविषयी पुष्कळ बोलले गेले आहे, मला वर्षांविषयी बोलायचे आहे. दहा वा अधिक वर्षांचे करार, त्यातही तिशी ओलांडलेल्या खेळाडूंशी केलेले, संघबांधणीला मारक ठरतात आणि त्यात पैशांपेक्षा जागेचे नुकसान मोठे असते, असे माझे मत आहे.

जागेचे म्हणजे काय ते सांगतो. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतल्या संघाला हंगामाच्या बहुतेक काळात २६ खेळाडू बाळगता येतात. करारातली रक्कम हमीची असते, त्यामुळे खेळाडूचा फॉर्म गेला तरी ती द्यावीच लागते. ज्याला वर्षाला अडीच-तीन कोटी डॉलर मिळतात त्याला बाकावर बसवण्याचे धैर्य फार थोड्या व्यवस्थापकांकडे असते. मग त्याच्यासाठी रोजची जागा राखली जाते आणि मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या पातळीच्या स्पर्धांतून, वर आलेला, किमान वेतनावर खेळणारा तरुण वाट पाहत राहतो.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो आणि हे सारे मी आल्बर्ट पुहोल्सच्या बाबतीत पाहिले आहे. सेंट लुईस कार्डिनल्सकडून ११ हंगामांत त्याने ४४५ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले, ३ वेळा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवला आणि २०११ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकून तो आमच्या अनाहाइमच्या एंजल्स संघाकडे आला. करार १० वर्षांचा आणि २४ कोटी डॉलरचा होता. एंजल्सकडून त्याने २२२ होम रन मारले खरे, परंतु फलंदाजीची सरासरी (दर संधीमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण) .३२८ वरून .२५६ वर आली. त्या काळात संघ एकदाच, २०१४ मध्ये, प्लेऑफमध्ये पोहोचला आणि कॅन्सस सिटीकडून सलग ३ सामने हरून बाहेर पडला. अखेर मे २०२१ मध्ये, शेवटच्या वर्षाच्या ३ कोटी डॉलरपैकी बराच भाग देणे बाकी असताना, संघाने त्याला मोकळे केले. तोवर पहिल्या बेसवर (क्षेत्ररक्षणाच्या त्या जागेवर) जॅरेड वॉल्श हा तरुण उभा राहिला होता.

दुसऱ्या बाजूला काय झाले तेही पाहावे. पुहोल्स गेल्याची भरपाई म्हणून कार्डिनल्सला एंजल्सचा २०१२ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) १९ वा क्रमांक मिळाला. त्यावर त्यांनी मायकेल वाका हा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) घेतला आणि वर्षभरातच, २०१३ मध्ये, तो नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपला सर्वांत मोठा खेळाडू गमावलेला संघ वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला आणि त्याला मिळवणारा संघ घरी बसला. मला वाटते, संघबांधणीचा याहून स्पष्ट धडा शोधून सापडणार नाही.

फिलीतली मृण्मयी

अनाहाइमकर, आपण दिलेले आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. एंजल्स पुहोल्समुळे हरले असते, तर माईक ट्राउटमुळे जिंकायला हवे होते. ट्राउटचा २०१९ चा करार १२ वर्षांचा, ४२.६५ कोटी डॉलरचा आहे. त्याआधीच तो त्याच्या पिढीतला सर्वोत्तम फलंदाज मानला जात होता आणि तरीही २०१४ नंतर तो संघ प्लेऑफपर्यंत गेलेला नाही. याचे कारण पिचिंगमध्ये आणि मायनर लीगच्या दुरवस्थेत आहे. टेक्सास रेंजर्सचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. त्यांनी डिसेंबर २००० मध्ये अॅलेक्स रॉड्रिगेझला १० वर्षांसाठी २५.२ कोटी डॉलर दिले आणि त्याने पहिल्या तीन हंगामांत ५२, ५७ आणि ४७ होम रन मारले. यापेक्षा अधिक एका फलंदाजाकडून कोण मागेल? तरीही तिन्ही वर्षे रेंजर्स आपल्या विभागात तळाशी राहिले, कारण त्यांचे पिचिंग अत्यंत दुबळे होते. करार पुरेपूर फळला आणि संघ बुडाला, म्हणजे या दोन गोष्टींचा आपण जोडता तसा थेट संबंध नाही.

आता माझ्या शहराचे उदाहरण देते. ब्राइस हार्परने २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाशी १३ वर्षांचा, ३३ कोटी डॉलरचा करार केला आणि मध्येच करार सोडण्याचा पर्यायही त्याने मागून घेतला नाही. आपण इथेच राहणार हे ठाऊक असले म्हणजे इतर चांगले खेळाडू संघात येतील, अशी त्याची भूमिका होती. २०२१ मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२२ मध्ये संघ वर्ल्ड सिरीजमध्ये गेला आणि त्यानंतरही प्लेऑफ चुकलेले नाहीत. जागेचा आपला मुद्दाही येथे टिकत नाही. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर हार्पर उजव्या मैदानातून पहिल्या बेसवर आला आणि तिथे स्थिरावला. तेरा वर्षे राहणारा खेळाडू संघाच्या गरजेप्रमाणे जागा बदलायला तयार होतो, दोन वर्षांसाठी आलेला सहसा होत नाही.

हिशेबनीस

वर्षांची संख्या पाहून दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत आहेत, की संघाला शेवटच्या वर्षापर्यंत चांगल्या खेळाची अपेक्षा असते. तशी अपेक्षा बहुधा कोणाचीच नसते. अनेकदा वर्षे वाढवली जातात ती हिशेबासाठी.

मेजर लीगमध्ये वेतनावर कमाल मर्यादा नाही, मात्र लक्झरी टॅक्स आहे. २०२५ साठी त्याची पहिली पातळी २४.१ कोटी डॉलर होती. ती ओलांडल्यास वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २०, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के कर लागतो, शिवाय फार पुढे गेल्यास अधिभार असतो. ही मोजणी प्रत्यक्ष दिलेल्या पगारावर होत नाही, करारातल्या वार्षिक सरासरीवर होते. हार्परचे ३३ कोटी १३ वर्षांत वाटले की सरासरी सुमारे २.५४ कोटी येते. तेच पैसे ९ वर्षांत द्यायचे ठरवले तर ती ३.६७ कोटींवर जाते. म्हणजे शेवटची चार वर्षे हा एक प्रकारे पहिल्या नऊ वर्षांचा हप्ता आहे. सॅन दिएगोच्या पाद्रेस संघाने २०२२ च्या डिसेंबरात तिशीतल्या झँडर बोगार्ट्सला ११ वर्षे दिली, ती याच दृष्टीने वाचावीत.

शोहेइ ओतानीचा करार याच्या पुढचा आहे. लॉस एंजलिसच्या डॉजर्स संघाने त्याला १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलर देऊ केले, पण त्यांपैकी ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी द्यायचे आहेत. खेळत असताना त्याला वर्षाला केवळ २० लाख मिळतात आणि करासाठी त्याची मोजणी वर्षाला सुमारे ४.६ कोटी होते. उरलेल्या मोकळिकीतून डॉजर्सने पिचर घेतले आणि २०२४ व २०२५ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. अनाहाइमकरांनी लांबीवर रोख धरला आहे. मला वाटते, करारातले पैसे कोणत्या वर्षी मोजले जातात याकडे त्यांनी पाहावे.

नवखा प्रेक्षक

मी पुण्यात राहतो आणि नुकताच हा खेळ पाहू लागलो आहे. आयपीएलमध्ये २०२५ च्या महालिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांचीच मर्यादा होती आणि दर काही वर्षांनी संघ जवळपास नव्याने बांधावा लागतो. त्यामुळे एका चुकीच्या खरेदीची शिक्षा फार काळ भोगावी लागत नाही. मात्र एखादा आवडता खेळाडू आपल्याच संघात दहा वर्षे राहील याची खात्रीही तेथे मिळत नाही. मृण्मयीताईंनी हार्परविषयी लिहिलेले वाचून मला त्या खात्रीचा हेवा वाटला.

अटलांटाचा सुहास

तिशीनंतर मोठा करार करावा की नाही, हा प्रश्नच आमच्या ब्रेव्ह्स संघाने वेगळ्या प्रकारे सोडवला. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी २१ वर्षांच्या रोनाल्ड अकुन्याला ८ वर्षांसाठी १० कोटी डॉलर दिले आणि काही दिवसांतच ऑझी अल्बीजला ७ वर्षांसाठी साडेतीन कोटी. पुढे मॅट ओल्सन (८ वर्षे, १६.८ कोटी) आणि ऑस्टिन रायली (१० वर्षे, २१.२ कोटी) यांच्याशीही फ्री एजंट (कोणत्याही संघाशी करार करायला मोकळे) होण्याआधीच करार झाले. याच काळात २०२१ ची वर्ल्ड सिरीज अटलांटाने जिंकली आणि २०२३ मध्ये अकुन्याने ४१ होम रन व ७३ चोरलेले बेस (पिचरला चकवून धावत गाठलेले पुढचे बेस) अशी कामगिरी केली, जी त्याआधी कोणालाही जमली नव्हती. दीर्घ करार करावाच, पण तो खेळाडूच्या चढत्या वयासाठी करावा. मला फ्रेडी फ्रीमन फार प्रिय होता आणि २०२२ मध्ये तो डॉजर्सकडे गेला तेव्हा वाईट वाटले, तरी संघाचे धोरण मला पटते.

फिलीतली मृण्मयी

सुहास, अल्बीजचा करार आपण ज्या कौतुकाने सांगितला ते मला बोचले. खेळाडू मेजर लीगमध्ये आल्यावर पहिली सहा वर्षे संघाच्या ताब्यात असतो. त्यांतली पहिली तीन वर्षे साधारणतः किमान वेतनाच्या आसपास जातात, जे २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होते, आणि त्यानंतर लवादाची, म्हणजे वाद झाल्यास त्रयस्थाने पगार ठरवण्याची, पाळी येते. म्हणजे शरीर सर्वांत जोमात असताना बाजारभाव मिळत नाही आणि मिळू लागतो तेव्हा तिशी जवळ आलेली असते. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, दुखापतीच्या भीतीपोटी, घरच्यांना कायमची स्वस्थता मिळावी म्हणून खेळाडू सही करतो. ती सही स्वेच्छेची असते हे खरे, पण दोन्ही पक्षांची ताकद तेव्हा सारखी नसते.

दीर्घ करारांकडे मी या इतिहासासह पाहते. जुन्या रिझर्व्ह कलमानुसार खेळाडू आयुष्यभर एकाच मालकाचा असे. कर्ट फ्लडने १९६९ मध्ये सेंट लुईसहून फिलाडेल्फियाला झालेली आपली बदली नाकारली आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ असा हरला आणि त्याची कारकीर्दही त्यातच संपली. डिसेंबर १९७५ मध्ये मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या पिचरांच्या प्रकरणात लवाद पीटर साइट्झ यांनी खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हा कुठे दार उघडले. वयाच्या पस्तिशीत पुहोल्सला मिळालेले पैसे हे मी त्याच्या पंचविशीच्या खेळाचे उशिरा आलेले मोल समजते. दिले एंजल्सने आणि लाभ घेतला सेंट लुईसने, ही एंजल्सच्या दृष्टीने दुर्दैवाची गोष्ट आहे, पण त्याबद्दल खेळाडूला बोल लावता येणार नाही.

अनाहाइमकर (धागालेखक)

मी खेळाडूला बोल लावलेला नाही. देऊ केलेले पैसे त्याने घ्यावेत, यात मला काहीच गैर वाटत नाही. माझा आक्षेप देणाऱ्याच्या निर्णयावर आहे. हार्परचे उदाहरण मी मान्य करतो. त्यावेळी तो २६ वर्षांचा होता आणि सोटोच्या बाबतीतही हीच आशा ठेवता येईल, इतके मी माझ्या पहिल्या विधानातून मागे घेतो. हिशेबनीसांचे गणितही बरोबर आहे, मात्र ते गणित २०३० नंतर मैदानावर कोण उभे राहणार हे सांगत नाही.

डेट्रॉइटने मिगेल काब्रेराला २०१४ मध्येच, जुना करार संपायला दोन वर्षे बाकी असताना, २०१६ पासून सुरू होणारी आणखी ८ वर्षे दिली, २४.८ कोटी डॉलरची. त्या काळात त्याने ५०० वा होम रन मारला आणि ३,००० वा हिट (यशस्वी फटका) त्या शहराला दाखवला, पण त्या आठही वर्षांत संघ प्लेऑफला गेला नाही आणि २०१९ मध्ये तर संघ ११४ सामने हरला. शिवाय २०१९ च्या डिसेंबरातला तो आठवडा आठवून पाहा. नुकतेच विश्वविजेते ठरलेल्या वॉशिंग्टनचे स्टीफन स्ट्रासबर्ग आणि अँथनी रेंडन यांना दोन दिवसांच्या अंतराने प्रत्येकी ७ वर्षांचे, २४.५ कोटी डॉलरचे करार मिळाले. स्ट्रासबर्ग त्यानंतर ८ सामन्यांत पिचिंग करू शकला. रेंडन एंजल्सकडे आला आणि एकाही हंगामात ५८ हून अधिक सामने खेळला नाही.

हिशेबनीस

हे दोन्ही करार सात वर्षांचे होते, त्यामुळे ते आपल्या दहा वर्षांच्या रेषेच्या विरोधातच जातात. दुखापत पहिल्या वर्षीही होते. त्याच वॉशिंग्टनने २०१५ मध्ये मॅक्स शेर्झरला, तिशीतल्या पिचरला, ७ वर्षांसाठी २१ कोटी दिले होते. त्यांपैकी निम्मे पैसे नंतर द्यायचे होते. त्याने तिथे सर्वोत्तम पिचरला मिळणारे २ साय यंग पुरस्कार मिळवले आणि २०१९ चे अजिंक्यपदही. तोच संघ, तितकीच वर्षे, फळ मात्र उलट.

अनाहाइमकर (धागालेखक)

रेषा नेमकी दहावर ओढता येणार नाही, हे मला पटले. तरी एक गोष्ट नोंदवतो. एंजल्सने सोडलेला पुहोल्स २०२२ मध्ये कार्डिनल्सकडे परतला, एका वर्षासाठी, २५ लाख डॉलरवर. वय ४२. संघाने त्याला मुख्यतः डावखुऱ्या पिचरसमोर खेळवले आणि त्याने २४ होम रन मारले. ७०० वा डॉजर्सच्या मैदानावर, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, मारला. मी तेथे होतो आणि इतर हजारोंप्रमाणे उभा राहून टाळ्या वाजवत होतो. खेळाडू तोच होता. त्याच्या उरलेल्या ताकदीइतकेच काम त्याला देता आले, कारण करार लहान होता.

फिलीतली मृण्मयी

तो क्षण आपण प्रत्यक्ष पाहिला, याचा मला खरोखर आनंद वाटतो. पण २०१७ मध्ये, .२४१ च्या सरासरीने, एंजल्सने त्याला १४९ सामने खेळवले. त्याला निवडक पिचरांपुढेच पाठवू नये, असे त्याच्या दहा वर्षांच्या करारातले कोणते कलम सांगत होते? पगार कसाही द्यायचाच होता. त्याला कधी बसवायचे, हे त्या वर्षीही संघाच्याच हातात होते.