मदत हवी आहे : ‘व्हील ऑफ टाइम’ मालिका बघितलेल्यांनी कादंबऱ्या कुठून धराव्यात?

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या आमच्या वाचनगटात ही फँटसी मालिका बघून रॉबर्ट जॉर्डनच्या मूळ पुस्तकांकडे वळलेले बरेच जण आहेत. तिसरा सीझन मुख्यतः चौथ्या खंडावर आहे, म्हणून थेट पाचवा घेऊ म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. त्यातल्या पेरिन या लोहाराचंच बघा. मालिकेत पहिल्याच भागात त्याच्या हातून बायको मरते. पुस्तकात तेव्हा त्याचं लग्नच झालेलं नसतं. कुऱ्हाड की हातोडा, म्हणजे लढावं की घडवावं, हा पेच तिथे त्याच्या स्वभावातून हळूहळू वर येतो. तिसऱ्या खंडाचा कळस, टिअर शहरातला किल्ला आणि तिथली कॅलंडोर ही स्फटिकाची तलवार, पडद्यावर आलाच नाही. पाचव्यात मात्र तो गृहीत धरलाय.

तिसऱ्या सीझनचा चौथा भाग मात्र सुंदर! काचेच्या खांबांतून चालताना कथेचा नायक रँड एकेका पूर्वजाच्या आयुष्यात मागे मागे जातो, आणि ते पूर्वजही रँडचं काम करणाऱ्या नटानेच साकारलेत.

एकूण १४ खंड. पहिल्यापासूनच लावू, की दुसऱ्यापासून चालेल? ‘न्यू स्प्रिंग’ हा पूर्वखंड कधी द्यावा? आणि खानापूर, निपाणीकडे कुणाकडे खंड ३ आणि ४ असतील तर महिनाभर द्याल का? जुनी पेपरबॅक चालेल, फक्त पानं सुटलेली नकोत.