नाट्यशिक्षण देणाऱ्या न्यासासाठी नवे विश्वस्त कसे निवडावेत?

नौपाडाकर (ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. ठाण्यातील एका सार्वजनिक न्यासाच्या सचिवपदाची जबाबदारी माझ्याकडे आहे. वागळे इस्टेट, लोकमान्य नगर आणि कळवा या भागांतील १० ते १८ वर्षांच्या मुलामुलींना आमचा न्यास वर्षभर विनाशुल्क नाट्यशिक्षण देतो. हे काम मे महिन्यातल्या शिबिरापुरते नाही. महापालिकेच्या शाळांत आणि वस्त्यांतल्या समाजमंदिरांत दर आठवड्याला वर्ग भरतात, संहिता मुले स्वतः रचतात आणि वर्षअखेरीस त्यांचा प्रयोग होतो.

न्यासपत्रात कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त नऊ विश्वस्तांची तरतूद आहे. सध्या पाचच विश्वस्त आहेत आणि त्यांपैकी दोघा ज्येष्ठांनी प्रकृतीच्या कारणास्तव येत्या मार्चनंतर जबाबदारीतून मोकळे करावे, अशी विनंती केली आहे. पाचही जण रंगभूमीवरचे आहेत आणि संस्था त्यांच्याच कष्टांवर उभी राहिली, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. मात्र हिशेब, कायदा, शाळांशी होणारा व्यवहार आणि मुलांची सुरक्षितता यांपैकी एकाही विषयात अधिकाराने बोलू शकेल असे मंडळावर कोणी नाही, त्यामुळे सभेत नाटकाच्या निवडीवर तासभर चर्चा होते आणि ताळेबंद शेवटच्या पाच मिनिटांत मंजूर होतो.

नवे विश्वस्त घ्यायचे म्हटले की पहिली सूचना मालिकांमधल्या एखाद्या परिचित कलावंताची येते आणि दुसरी स्थानिक लोकप्रतिनिधीची. अशा नावांमुळे देणग्या मिळतील आणि नाट्यगृहाची तारीख मिळणे सोपे जाईल, असा युक्तिवाद केला जातो. मला तो पटत नाही, पण पर्यायी नावे माझ्याजवळ नाहीत. योग्य माणसे कोठे शोधावीत, होकार देण्याआधी त्यांना काय काय सांगावे, आमच्याच वर्गांतून पुढे गेलेल्या तरुणांना विश्वस्त करता येईल का, आणि कायदेशीर प्रक्रिया कोणत्या क्रमाने करावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ताळेबंद (वाशी) यांचे उत्तर

मी धर्मादाय संस्थांचे लेखापरीक्षण करतो, म्हणून प्रक्रियेपासून सुरुवात करतो. प्रथम आपल्या नोंदणीचा प्रकार पाहावा. महाराष्ट्रातील अनेक संस्थांची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली अशी दुहेरी असते. तसे असल्यास कार्यकारिणी सर्वसाधारण सभेतून निवडून यावी लागते आणि उरलेल्यांनी परस्पर नावे ठरवून चालत नाही. केवळ न्यास असल्यास न्यासपत्रातील नियुक्तीचे कलम लागू होते. ते कलम, कार्यकाळाची तरतूद आणि गणसंख्या (सभेसाठी लागणारी किमान हजेरी) या तीन गोष्टी लिहून काढल्याशिवाय कोणालाही शब्द देऊ नये.

विश्वस्तांत बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे कलम २२ नुसार चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करावा लागतो. सभेची नोटीस, हजेरी, ठराव, जुन्या विश्वस्तांचे राजीनामे आणि नव्यांची संमतिपत्रे हे कागद त्याच वेळी तयार ठेवावेत, कारण पुढे वाद उपस्थित झाला तर तो बहुधा नोटीस सर्वांना पोहोचली होती की नाही, यावरच होतो. आपले कार्यालय ठाण्याचेच आहे. खारघर किंवा पनवेलमध्ये नोंदणी असलेल्या संस्थांना मात्र, नवी मुंबई म्हणून ओळख असूनही, रायगड जिल्ह्याच्या कार्यालयाकडे जावे लागते. हे वाचणाऱ्या तिकडच्या संस्थांनी ध्यानात ठेवावे.

एक व्यावहारिक अडचण येथे आवर्जून सांगतो. बँका सही करणाऱ्यांची नावे बदलताना बहुधा शेड्यूल एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा, ताजा उतारा मागतात आणि चेंज रिपोर्ट मंजूर होऊन त्यावर नवी नावे चढायला वेळ लागतो. निवृत्त होणारे दोघेही धनादेशांवर सह्या करणारे असतील, तर दोघांचे राजीनामे एकाच दिवशी घेऊ नयेत. अन्यथा प्रशिक्षकांचे मानधन खात्यात पैसे असूनही अडकून पडेल.

आता नव्या विश्वस्तांना काय सांगावे, याविषयी. नाट्यसंस्थांत प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी स्वतःच्या खिशातून नेपथ्याचे किंवा बसचे पैसे भरतो आणि पुढे ते हातउसने म्हणून वहीत येतात. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासासाठी कर्ज काढता येत नाही, असे कलम ३६-अ सांगते आणि विश्वस्ताने दिलेली उसनवारीही लेखापरीक्षक याच नजरेने तपासतात. विश्वस्ताला द्यायचे असेल तर त्याने देणगी द्यावी आणि पावती घ्यावी. त्याचप्रमाणे विश्वस्ताच्या नातेवाइकाचा ध्वनिव्यवस्थेचा व्यवसाय असेल आणि काम त्यालाच बाजारभावापेक्षा चढ्या दराने दिले गेले, तर न्यासाची आयकरातील सवलत धोक्यात येते. या गोष्टी पहिल्या भेटीतच सांगाव्यात. ज्याला त्या अपमानास्पद वाटतील त्याने न आलेलेच बरे.

निवृत्त मुख्याध्यापिका (ऐरोली) यांचे उत्तर

ताळेबंद यांनी कागदांची बाजू नीट मांडली आहे, म्हणून मी माणसांबद्दल लिहिते. एका शैक्षणिक न्यासावर मी दीर्घकाळ विश्वस्त होते. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की, संस्थापकांच्या कामावर मनापासून श्रद्धा असलेला आणि तरीही सभेत त्यांना "हे मला समजले नाही, पुन्हा सांगा" असे म्हणू शकणारा माणूसच विश्वस्त म्हणून घ्यावा. या दोन गुणांपैकी एकच असलेली माणसे विपुल मिळतात. पहिला गुण तेवढा असलेले सगळ्याला मान डोलावतात, दुसरा तेवढा असलेले सगळे अडवून धरतात.

नामवंतांबद्दल आपली शंका रास्त आहे. त्यांचा आदर करावा, त्यांना सल्लागार म्हणून किंवा प्रयोगाचे प्रमुख पाहुणे म्हणून सन्मानाने बोलवावे. परंतु सभेला येणे ज्यांना वेळेअभावी शक्यच नाही, त्यांच्यावर कायद्याची जबाबदारी टाकणे त्यांच्यावरही अन्याय आहे. विश्वस्त गैरहजर होता म्हणून त्याचे उत्तरदायित्व संपत नाही. लोकप्रतिनिधींच्या बाबतीत मी अधिक स्पष्ट बोलेन. आपले वर्ग महापालिकेच्या शाळांत भरतात, त्या शाळांची परवानगी कोणत्याही एका पक्षाशी जोडली गेली, तर पुढच्या निवडणुकीनंतर मुलांचा वर्गच बंद पडू शकतो.

शोध कोठे घ्यावा? आपण ज्या शाळांत जाता तेथील निवृत्त शिक्षकांपासून सुरुवात करावी. पालकसभेत न चुकता येणारी आणि नेमका प्रश्न विचारणारी एखादी आई पाहावी. वस्तीतून आलेला विश्वस्त मंडळावर असणे मला अतिशय महत्त्वाचे वाटते, कारण तालमीची वेळ संध्याकाळी सातची ठेवल्यास मुली का येत नाहीत, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही. हिशेबासाठी सहकारी बँकेतून किंवा पतपेढीतून निवृत्त झालेले अधिकारी ठाण्यात आणि नवी मुंबईत पुष्कळ आहेत. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांमधूनही माणसे मिळू शकतात, मात्र त्या कंपनीकडून सीएसआर (सामाजिक दायित्व) निधी मागायचा असेल तर संबंधित विश्वस्ताने ते सभेत जाहीर करावे आणि त्या ठरावावर मत देऊ नये.

ओळखीपाळखीतून नावे काढण्याऐवजी अर्ज मागवावेत, असा माझा आग्रह आहे. एक पान पुरे: न्यास काय करतो, वर्षात किती सभा होतात, कोणते कौशल्य हवे आहे, मानधन नाही आणि कार्यकाळ किती. ते पान ग्रंथालयांच्या फलकावर, शाळांत आणि गडकरी रंगायतन व विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या आवारात, तेथील परवानगी घेऊन, लावावे. आलेल्या उमेदवाराची मुलाखत कार्यालयात घेण्यापूर्वी त्याला एखाद्या सामान्य वर्गाला न्यावे, प्रयोगाला नव्हे. शाळेच्या सभागृहात बाके भिंतीला सरकवलेली आहेत, एक मुलगा आपले वाक्य तिसऱ्यांदा विसरला आहे आणि प्रशिक्षक त्याला न रागावता पुन्हा पहिल्या जागेवर उभे करत आहेत, एवढे पाहून जो उमेदवार नंतर मुलाचे नाव विचारतो आणि या वर्गाला महिन्याला खर्च किती येतो हेही विचारतो, त्याला दुसऱ्या भेटीसाठी बोलवावे.

कळव्याची ताई यांचे उत्तर

मी वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम करते. मुलांच्या सुरक्षिततेचा उल्लेख मूळ प्रश्नात एका शब्दात आला आहे, त्यावर थोडे थांबावे असे वाटते. नाट्यशिक्षणात स्पर्श असतो, वेशभूषा बदलणे असते, बंद खोलीतील तालीम असते आणि प्रयोगानंतर रात्री घरी परतणे असते. म्हणून एका विश्वस्ताकडे हाच विषय नावानिशी सोपवावा. मेकअपच्या खोलीत एकटा प्रौढ मुलांसोबत नसावा, प्रशिक्षकांनी मुलांना वैयक्तिक निरोप पाठवू नयेत, रात्री प्रत्येक मूल कोणाबरोबर घरी गेले याची वही असावी, हे नियम प्रशिक्षकांनी सांभाळायचे आणि ते सांभाळले जात आहेत की नाही, हे त्या विश्वस्ताने अधूनमधून स्वतः येऊन पाहायचे.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणाही व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. "संस्थेचे नाव खराब होईल, आपसात मिटवू" असे म्हणणारा विश्वस्त कितीही विद्वान असला तरी घेऊ नये. मुलाखतीत हा प्रश्न थेट विचारावा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आपल्या प्रत्येक वर्गात मुलांना दिसेल असा लिहिलेला असावा, हेही सुचवते.

माजी विद्यार्थ्यांना विश्वस्त करण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. १८ वर्षे पूर्ण झालेली असणे आवश्यक आहेच, परंतु वर्ग सोडून निदान दोन-तीन वर्षे झालेली असावीत आणि कमावता झालेला किंवा शिकत असलेला तरुण मंडळावर एकटा नसावा, दोघे तरी असावेत. ज्यांना लहानपणापासून "सर" म्हटले त्यांच्यासमोर एकट्याने विरोधी मत मांडणे अवघड असते. सभेच्या कागदपत्रांची भाषाही त्यांना आधी बसून समजावून द्यावी.

नौपाडाकर यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या नोंदणीबाबत खात्री केली. संस्था केवळ न्यास म्हणून नोंदलेली आहे आणि न्यासपत्रात नियुक्ती बहुमताच्या ठरावाने करण्याची तरतूद आहे. पुढच्या सभेत मी चार जागांचा प्रस्ताव मांडणार आहे: हिशेब जाणणारे एक, निवृत्त शिक्षिका एक आणि माजी विद्यार्थी दोन. बालसुरक्षेची जबाबदारी शिक्षिकेकडे सोपवता येईल. पालक प्रतिनिधीसाठी पाचवी जागा मागावी, असे आता वाटू लागले आहे. एक शंका राहते. माजी विद्यार्थ्यांपैकी एक तरुण सध्या आमच्याकडे मानधनावर प्रशिक्षक आहे आणि सर्वांत योग्य तोच आहे.

ताळेबंद यांचे उत्तर

त्याला मानधन देण्यास आयकर कायद्याची आडकाठी नाही, जर ते कामाच्या मानाने वाजवी असेल; परंतु विश्वस्ताने मोबदला घेण्याबाबत आपले न्यासपत्र काय म्हणते, ते पाहावे, कारण अनेक न्यासपत्रांत त्याला स्पष्ट मनाई असते. मनाई नसली तरी प्रशिक्षकांचे मानधन ठरवणाऱ्या सभेतून त्याला दरवेळी बाहेर बसावे लागेल. त्यापेक्षा त्याला यंदा प्रशिक्षकच राहू द्यावे, सभांना निमंत्रित म्हणून बोलवावे आणि वर्ग दुसऱ्याकडे सोपवण्याची त्याची तयारी झाली की विश्वस्त करावे. पालक प्रतिनिधीची पाचवी जागा मात्र याच सभेत मागावी. या तरुणाची जागा यंदा रिकामी ठेवल्यास नव्या नेमणुका चारच होतात; सध्याचे पाच अधिक चार म्हणजे नऊ आणि दोन राजीनाम्यांनंतर सात, त्यामुळे नऊची मर्यादा ओलांडली जात नाही. मात्र नव्या नेमणुकांचा ठराव राजीनामे स्वीकारण्यापूर्वी करावा, म्हणजे संख्या मधल्या काळात पाचाच्या खाली जाणार नाही.