अ‍ॅक्वामरीन खरा की ब्लू टोपाझ, कसं ओळखायचं?

समुद्रवेडी: आईचा मार्चमधला वाढदिवस, आणि अ‍ॅक्वामरीन हा मार्चचा खडा, म्हणून झवेरी बाजारात त्याची अंगठी बघून आले, खडा एकदम फिकट निळा, उन्हात धरला की तारकर्लीचं पाणी कसं दिसतं ना अगदी तसा, पण मैत्रीण म्हणते टोपाझ असेल. कसं कळणार?

गिरगावकर: ताई, नुसत्या डोळ्यांनी नाही कळत. टोपाझची घनता साधारण ३.५, अ‍ॅक्वामरीनची २.७, म्हणजे त्याच साइजचा अ‍ॅक्वामरीन हलका भरतो. अंगठीत बसवायच्या आधीच लॅब सर्टिफिकेट मागा, त्यात बेरिल, म्हणजे अ‍ॅक्वामरीन ज्या खनिजाचा असतो त्याचं नाव, लिहिलंय का बघा. पाचूसुद्धा बेरिलच बरं का, अ‍ॅक्वामरीनमध्ये निळा रंग लोहामुळे येतो.

खड्यांची_काकू: बरेच खडे तापवून हिरवट झाक घालवलेली असते गं, घाबरू नकोस, रंग टिकतो. मला मात्र ती झाकच फार आवडते, खरा समुद्र तिच्यातच दिसतो. अ‍ॅक्वामरीन हे नाव लॅटिन, अर्थ समुद्राचं पाणी, युरोपातले खलाशी प्रवासात रक्षण होईल म्हणून जवळ बाळगायचे. कडकपणा दहापैकी (मोहस् मापावर) ७.५ ते ८, आईला रोज घालू दे, फक्त भांडी घासताना काढायला सांग.

समुद्रवेडी: थँक्यू काकू, दादा! शनिवारी जाऊन सर्टिफिकेट मागते.