नऊ महिने दाखवायचं एका मॅडमना आणि बाळंतपणाला भलत्याच डॉक्टर?

सिंहगडरोडकरीण
मुलगी झाली, आम्ही दोघी खुशाल आहोत, त्यामुळे हे रडगाणं समजू नका. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

ज्या मॅडमकडे नाव घातलं होतं त्यांच्यासाठी ओपीडीत तास-दोन तास ताटकळायचे. आत गेलं की मात्र त्या मन लावून ऐकायच्या. सासूबाईंनी मध्येच तोंड घातलं की हसून म्हणायच्या, "आजी, तिलाच सांगू दे." भरवसा बसला तो तिथे. पहाटे पाणी गेलं, आम्ही धावतपळत पोचलो, तर लेबर रूममध्ये मी कधीही न पाहिलेल्या डॉक्टर. ना नाव सांगितलं, ना गाव. ग्लोव्हज चढवून थेट आतून तपासणी. संध्याकाळी ठोके कमी होतायत म्हणून सिझर. मॅडम उगवल्या दुसऱ्या दिवशी राउंडला! आणि बिलावर 'डिलिव्हरी चार्जेस' कुणाच्या नावाने? मॅडमच्या. आधी सांगायला नको होतं का?

पेठेतला_एक
मॅडमनी झोपायचंच नाही का? महिन्याला तीस-चाळीस बाळंतपणं करणाऱ्या बाईने प्रत्येक पहाटे हजर राहायचं म्हणजे जरा जास्तच होतं. ठोके कमी झाले तेव्हा हजर असलेल्या डॉक्टरने निर्णय घेतला, बाळ धडधाकट आहे. अजून काय हवं?

मोगरा
पेठेतले, तुम्ही कधी त्या टेबलावर पाय वर करून झोपला नसणार, म्हणून विचारताय.

वाकडची_आई
मी मात्र मूळ तक्रारीच्या विरुद्ध आहे. 'आमच्याच डॉक्टर हव्यात' या हट्टाची किंमत आपणच मोजतो. माझी पहिली वेळ एकट्या डॉक्टरच्या नर्सिंग होममध्ये. स्वभाव देवमाणसासारखा, प्रत्येक बाळंतपणाला जातीने हजर. पण एकटा माणूस रात्रभर किती थांबणार? डब्ल्यूएचओच्या २०१८ च्या शिफारशी वाचा: पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यानंतरही पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात. सकाळची ओपीडी तोंडावर आलेली असताना एवढी वाट कोण बघतं? मला दुपारीच सांगितलं, "प्रोग्रेस नाही, घेऊन टाकू." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियन होती, सरकारीत १४.३. अवघड केसेस सरकारीतही येतात, तेव्हा एवढी तफावत नुसत्या गुंतागुंतीची नाही. सगळा पैशाचाच खेळ आहे असंही मी म्हणत नाही, थकवा आणि वेळापत्रक हेही कारण असणार. दुसऱ्या वेळी पाळीने काम करणाऱ्या टीमकडे गेले. ड्यूटी संपली तसे डॉक्टर बदलले, पण घाई कुणालाच नव्हती.

सिंहगडरोडकरीण
टीम असेल तर टीम म्हणून सांगा ना! सातव्या महिन्यात "या डॉ. अमुक, त्या रात्री असतात" एवढी ओळख करून द्यायला किती वेळ लागतो? मी घेतलेलं पॅकेज मॅडमच्या नावाचं होतं.

निवृत्त_सिस्टर
लेबर रूममध्येच सगळी नोकरी झाली माझी, म्हणून बोलते. ठोके पडायला लागले की ओळखपाळख करायला वेळ नसतो. नव्या मुली हुशार असतात, त्यांना नावं ठेवू नका. आणि पेशंटही कमी नसतात, बरं का. कळा नीट सुरूही झालेल्या नसतात आणि नातेवाईक "मुहूर्त साडेदहाचा आहे" म्हणून सिझरसाठी डॉक्टरांच्या मागे लागतात. ते कुणी लिहीत नाही.

मोगरा
सिस्टर, मुहूर्ताचं शंभर टक्के पटलं. पण यांची तपासणी सकाळची, ठोके पडले संध्याकाळी. "मी डॉक्टर अमुक, तपासते हं" म्हणायला किती सेकंद लागतात?

निवृत्त_सिस्टर
ते बरोबर आहे. आमच्या वेळीही कुणी म्हणायचं नाही.

हडपसर_बाबा
आमचं ससूनला झालं. तिथे कोण डॉक्टर मिळणार याचा विचारच कुणी करत नाही. बायकोला खुपलं ते वेगळंच, आत आपलं माणूस कुणी नाही. केंद्राने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका बाईमाणसाला थांबायची मुभा दिली, पण आम्हाला ते आधी माहीतच नव्हतं. डॉक्टर अनोळखी असली तरी चालेल हो, हात धरायला आई हवी होती.

पेठेतला_एक
मूळ मुद्दा भरकटला. बिलाचं काय?

वाकडची_आई
बिलाच्या बाबतीत मी सिंहगडरोडकरणीच्या बाजूने. केसपेपरची प्रत लेखी मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागते. ऑपरेशन नोटवर सर्जन म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा आणि बिलाशी ताडून पाहा.

सिंहगडरोडकरीण
सोमवारी नवऱ्याला पाठवते. मॅडमना समोरासमोर विचारायला मला अजूनही संकोच वाटतो. टाके त्यांनीच बघितले, आणि बघितले तेही इतक्या मायेने.