मदत हवी आहे: टेडींना ब्रुअरी टूरला आत नेऊ देतात का? (तातडीचं)

गारठलेली_गौरी
परवा निघायचंय आणि कुठेच धड उत्तर मिळत नाहीये. सोबत आमचे दोन टेडी आहेत, बंडोपंत आणि ठकी. आम्ही जातो तिथे ते येतात, त्यावर चर्चा नको. टूरला आत घेतात का? आणि बर्फात भिजले तर हॉटेलवर वाळवायचे कसे? जाणकारांनी लवकर सांगा.

सोमरस
कुठली ब्रुअरी, कुठला देश? पुण्यात असाल तर बर्फाची काळजी सोडा.

गारठलेली_गौरी
अहो, बर्फ म्हटल्यावर पुणे कसं असेल! चेकमधल्या पिल्सनला चाललोय, पिल्सनर उर्केल बिअरच्या ब्रुअरीत. म्युनिकहून.

खवचट_काका
वय काय? टेडींचं नव्हे, तुमचं.

गारठलेली_गौरी
मतदानाला पात्र आहे. पुढे?

बव्हेरियाचा_बाळ्या
मी ती टूर केलीय. बाटल्या भरतात तो विभाग वरच्या काचेच्या सज्जातून दाखवतात, त्यामुळे टेडीची लव बिअरमध्ये पडायची भीती नाही. खरी परीक्षा तळघरात. बोगदे एकूण ९ किलोमीटरचे आहेत, तुम्हाला थोडेच फिरवतात. आत जेमतेम पाच-सहा अंश, जमीन ओली, वरून पाणी ठिबकतं. शेवटी ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर देतात. तेव्हा एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात जॅकेट. ठकीला कोण धरणार?

गारठलेली_गौरी
नवरा. पण मोठी सॅक चालते का?

बव्हेरियाचा_बाळ्या
किती मोठी? टेडीची उंची सांगा की.

लेन्सवाला
थंडीतून उबेत आलं की दव धरतं. मी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करतो आणि आत अर्ध्या तासाने उघडतो. टेडीलाही तेच करा.

गोधडीवाली_आजी
बाळा, कॅमेऱ्याला फर नसते. ओला टेडी पिशवीत कोंडलात तर कुबट वास धरेल. गौरी, आत भरलंय काय, ते आधी सांग. दाबल्यावर करकरतं का?

गारठलेली_गौरी
ठकी मऊ आहे. बंडोपंत करकरतात, नवऱ्याच्या जर्मन आजीचे आहेत ते. उंची वीतभर.

गोधडीवाली_आजी
हे पहिल्याच ओळीत सांगायचं गं! करकरतं म्हणजे आत लाकडाचा भुसा किंवा बारीक कीस असणार. तो भिजला की लवकर वाळत नाही, आतून कुजतो. त्यांना बर्फात बसवून फोटो काढू नकोस. ठकीवर बर्फ पडला तर दाराबाहेरच मऊ ब्रशने झटक, वितळू देऊ नकोस. तरी भिजलीच तर कोरड्या टॉवेलात दाबून घे आणि खुर्चीवर मोकळी ठेव. हीटरवर नको, कृत्रिम फर आखडते.

सोमरस
वीतभर टेडी जॅकेटात मावतो, विषय संपला. गाडीने जाताय का? चेकमध्ये चालकाला बिअरचा एक घोटही चालत नाही, मर्यादा शून्य आहे.

गारठलेली_गौरी
ट्रेनने.

मोहरीचं_अस्वल
टेडीच न्यायचे तर पिल्सन कशाला? उल्मजवळ गीन्गेनला जा, टेडी बनवणाऱ्या श्टाइफ कंपनीचं संग्रहालय आहे. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत अमेरिकन व्यापाऱ्याने ३००० अस्वलांची ऑर्डर दिली ती याच कंपनीला. बंडोपंतांच्या कानात धातूचं बटण आहे का बघा, ती श्टाइफची खूण!

खवचट_काका
तिकडे बिअर मिळते का?

बव्हेरियाचा_बाळ्या
जर्मनीत बिअर मिळते का विचारताय? पिल्सनची बिअरसुद्धा मुळात आमचीच. १८४२ साली ती पहिल्यांदा बनवणारा योसेफ ग्रोल बव्हेरियाचा.

सोमरस
पाणी पिल्सनचं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) चेकमधल्याच झातेत्स गावचे, आणि ग्रोलचा करार १८४५ मध्ये वाढवलाच नाही. १८३८ मध्ये पिल्सनकरांनी खराब बिअरची पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली होती, म्हणून नवी ब्रुअरी उभी राहिली. श्रेय गावकऱ्यांचं.

गारठलेली_गौरी
धागा भरकटला. आजी, मनापासून आभार. बंडोपंत तळघरात जॅकेटच्या आतच राहतील, चेन गळ्यापर्यंत लावलेली. बटण आहे कानात, पिवळ्या चिठ्ठीसकट. सॅकचं ब्रुअरीला ईमेल करून विचारते, इथे तर कुणी सांगितलंच नाही.

मोहरीचं_अस्वल
बटण आहे?! मग त्यांना घरीच ठेवा हो! फोटो टाका आधी.

लेन्सवाला
फोटो काढताना झिपची पिशवी विसरू नका.