दोन कयाकची तुलना: कुठली खरंच जास्त पळते, हे मोजायचं कसं?

रंकाळाकाठ
ग्रुपसाठी नवी कयाक (वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी) घ्यायची आहे. त्याआधी हातातल्या दोन नीट मोजायच्या आहेत. एक १२ फुटी प्लॅस्टिकची, दुसरी १६ फुटी फायबरची. मोबाईलच्या जीपीएसवर कमाल वेग ८.४ आणि ८.९ किमी/तास आला. चालवणारे वेगवेगळे होते. चार फूट जास्त लांबी असून एवढाच फरक? आणि चाचणी कोल्हापुरात रंकाळा तलावावर घ्यावी की पंचगंगा नदीत?

वल्हं_आणि_वेग
कमाल वेगाचा आकडा सोडून द्या. तो एका सेकंदाचा असतो आणि त्यात कयाकपेक्षा दंडाची ताकद जास्त दिसते.

पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर म्हणजे त्या कयाकची साधारण वेगमर्यादा, नॉटमध्ये (१ नॉट = १.८५ किमी/तास). १२ फुटीची पाण्यातली लांबी ११ फूट धरली तर साधारण ८.२ किमी/तास, १६ फुटीची १५ धरली तर ९.६. म्हणजे तुमची छोटी कयाक मर्यादेला पोचली होती, मोठीत अजून जागा होती. मर्यादेजवळ कयाक स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते. जोर दुप्पट लावला तरी वेग जेमतेम वाढतो. उलट ५ किमी/तासाला बहुतेक विरोध पाण्याच्या घर्षणाचा असतो. लांब कयाकचा ओला पृष्ठभाग जास्त, त्यामुळं तिथं छोटी बरोबरीत येते, कधी हलकीही लागते. म्हणून ५, ६.५ आणि ८ अशा तिन्ही वेगांना तुलना करा. दिवसभर ५.५ नं फिरणाऱ्यांनी ९ च्या आकड्यासाठी पैसे घालू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

पाणीमाप
दंडाची ताकद बाजूला काढायची तर घसरण-चाचणी घ्या. कयाक ७.५ किमी/तासाच्या वर न्या, वल्हं मांडीवर ठेवा, अंग हलवू नका. २ मीटर/सेकंदावरून १ वर यायला किती सेकंद लागले ते जीपीएसच्या दर सेकंदाच्या नोंदीतून काढा. प्रत्येक कयाकच्या ८ फेऱ्या, चार जाताना, चार येताना. चालवणारा एकच ठेवा. क्रम छोटी-मोठी-मोठी-छोटी असा लावला की दमण्याचा परिणाम वाटला जातो.

नुसत्या सेकंदांवर जाऊ नका, जड कयाक जास्त वेळ घसरते. माणूस धरून एकूण वजन (किलो) × ०.५ ÷ सेकंद, हा विरोधाचा गुणांक. १०० किलोला ११ सेकंद लागले तर ४.५, २ मीटर/सेकंदाला विरोध ४.५ × ४ (वेगाचा वर्ग) = १८ न्यूटन, म्हणजे साधारण १.८ किलोची ओढ. कयाकबरोबर थोडं पाणीही ओढलं जातं, त्यामुळं खरा विरोध किंचित जास्त. तुलनेला हे पुरतं.

बंधाऱ्यावरचा
जागेचं सांगतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात तेव्हा वरच्या बाजूचं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, पण 'जवळजवळ'च. त्यामुळं दोन्ही दिशांचे वेग वेगवेगळे काढून त्यांची सरासरी घ्या. एकूण अंतर भागिले एकूण वेळ केलं की चूक होते: जाताना ८, येताना ६ असेल तर खरा वेग ७, त्या हिशेबानं मात्र ६.८६ येतो.

खोली किमान दीड-दोन मीटर हवी. अर्धा मीटर पाण्यात लाट ८ किमी/तासाच्या पुढं पळतच नाही, म्हणून कयाक रुतल्यासारखी होते. रंकाळ्यावर उन्हाळ्यात काठाजवळ हेच होतं. शिवाय केंदाळ (जलपर्णी)! सुकाणूला एक मूळ अडकलं तरी फेरी बाद. दर फेरीआधी कयाकच्या तळावरून हात फिरवा, आतलं पाणी स्पंजनं काढा. वेळ उजाडतानाची, वारा सुटायच्या आत.

रंकाळाकाठ
स्थिरता कशी मोजायची?

पाणीमाप
कमरेएवढ्या पाण्यात, माणूस मधोमध ताठ बसलेला. पाण्यानं भरलेला ५ लिटरचा कॅन कयाकच्या कडेला टांगा. तो पाण्याला टेकता कामा नये. मोबाईलमधल्या कोनमापकानं कल बघा, मग १० लिटरनं. मधल्या रेषेपासून कॅनपर्यंतचं अंतर दोन्ही कयाकना सारखंच ठेवा, नाहीतर रुंद कयाकवर अन्याय होतो. कॅनला बांधलेली सैल दोरी काठावर उभ्या माणसाच्या हातात असू द्या.